वाघाच्या पंजातला हात

तुम्ही वर्गात आत्याच्या कामाबद्दल बोललात आणि तुमच्या बाई फळ्यावर "मेकअप" एवढंच लिहून पुढच्या मुलाकडे वळल्या, हे तुम्ही मला, तुमच्या आजीला, फोनवर सांगितलंत. तुमच्या आवाजात राग होता. आत्या नेमकं काय करते हे मलाही पुष्कळ वर्षं नीट सांगता येत नव्हतं. अमरावतीत कोणी विचारलं की मी "माझी मुलगी सिनेमात असते" म्हणायचे, मग समोरची बाई "अगंबाई, कोणत्या मालिकेत?" म्हणायची आणि मी विषय बदलायचे. आता सांगता येतं. त्यासाठी धारणीच्या पुढे एका उन्हाळ्यात काय घडलं ते सांगावं लागेल, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

आधी आत्याचं शिक्षण. ती दातांच्या प्रयोगशाळेत कवळ्या करायला शिकली. रुग्णाच्या तोंडात गुलाबी लगदा भरायचा, तो घट्ट झाला की काढायचा, त्यात प्लॅस्टर ओतून दातांचा साचा करायचा. हाच लगदा माणसाच्या अख्ख्या चेहऱ्यावर ओतून चेहऱ्याचा साचा घेता येतो, हे तिला कुठून तरी कळलं. पहिला चेहरा तिने तुमच्या बाबांचा घेतला. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या होत्या. ते हसले आणि सगळा लगदा फुटला, म्हणून त्या साच्यात त्यांचं तोंड वाकडं आहे. तो साचा अजून माझ्या कपाटावर आहे आणि दूधवाला दर वेळी त्याच्याकडे संशयाने बघतो.

मग ती मुंबईला गेली. तिथे ती जखमा करायची, भाजलेले हात करायची, तिशीच्या नटाला ऐंशीचा करायची. मालिकांमधल्या राक्षसांना शिंगं लावायची. बारा-तेरा वर्षं तिने हे केलं आणि दर वर्षी म्हणायची, आई, मला एक अख्खं जनावर करायचंय, नखापासून शेपटीपर्यंत. मुंबईत त्यासाठी लागते तेवढी जागा तिला परवडत नव्हती. शेवटी तिने अकोल्यात कापसातली सरकी काढायच्या जिनिंगची एक बंद पडलेली शेड भाड्याने घेतली आणि तिथे बस्तान बसवलं. मी अमरावतीहून बसने जायचे, डबा द्यायचे, रबराच्या चिकाचा वास डोक्यात घेऊन परत यायचे.

तिथे तिला अख्ख्या जनावराचं काम मिळालं. सिनेमाची गोष्ट मेळघाटातल्या एका माणसाची होती, ज्याचा हळूहळू वाघ होतो. दिग्दर्शक पुण्याचे होते, बोलायला गोड आणि घाईचे. निर्माता मात्र पहिल्यापासून म्हणत होता की एवढ्या खटाटोपापेक्षा वाघ संगणकावर करून घेऊ. दिग्दर्शकांनी त्याला कसंबसं थोपवलं होतं. आत्याला हे स्पष्ट सांगितलं होतं, की मे महिन्यातलं चित्रीकरण निर्विघ्न पार पडलं तर वाघ तुमचा, नाहीतर उरलेला सगळा वाघ मुंबईत संगणकावर होईल. म्हणजे ती पुन्हा शिंगं चिकटवायला मोकळी.

वाघाचं कातडं ती रबराचं करणार होती आणि त्यावर शेळीचे केस एकेक करून सुईने रोवणार होती. कातड्याच्या आत मात्र मांस हवं होतं. मांड्या, खांदे, मानेवरचा उंचवटा, हे सगळं चालताना हलायला हवं. मुंबईत त्यासाठी फोम वापरतात. आत्या म्हणाली, अकोल्यात बसून मी फोम कशाला आणू? तिने जुन्या शहरातल्या एका गादीवाल्यांना बोलावलं. त्यांच्या घरात तीन पिढ्या कापूस पिंजायचं आणि गाद्या-रजया भरायचं काम. पस्तिशीचे, बुटके, रुंद खांद्यांचे, आणि बोलण्यात फार मिश्कील. आत्याने कागदावर वाघाची मांडी काढून दाखवली तर ते म्हणाले, "ताई, आजवर माणसं झोपवली कापसावर. आता कापसाचंच जनावर उठवून राहिल्या तुमी."

कापसाचे स्नायू भरून झाले. एक दिवस ते नीट बसलेत का हे बघायला त्यांनी अर्धवट झालेला वाघ स्वतःच अंगावर चढवला आणि शेडमध्ये चार पावलं टाकली. आत्याच्या हातातली कात्री हातातच राहिली. मीही तिथे होते. मी कॉलेजात पस्तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं आहे. वाघ चालताना पुढचा पाय टाकण्याआधी खांद्याचं हाड आधी वर येतं, ते या माणसाला कोणी शिकवलं, असं मला झालं. विचारल्यावर ते म्हणाले की त्यांच्या घरात मोहरमला शेर, म्हणजे वाघ, व्हायची मन्नत आहे, नवसासारखी. वडील व्हायचे, आता ते होतात. अंगभर पट्टे रंगवून, ताशाच्या तालावर गल्ल्यांमधून फिरायचं. आत्याने त्याच दिवशी ठरवलं की वाघाच्या आत दुसरा कोणी जाणार नाही.

चित्रीकरण धारणीच्या पुढे, एका कोरड्या नाल्यात होतं. आत्याचा मदतनीस ऐन वेळी कावीळ होऊन पडला, म्हणून त्याच्या जागी मी गेले. परतवाड्याला चहा प्यायला थांबलो तेव्हा जीपवाल्याने मागे ठेवलेलं वाघाचं डोकं चादरीखालून डोकावताना पाहिलं आणि विचारलं, "मॅडम, यानं तिकीट काढलं का?" वरच्या घाटात साग पूर्ण निष्पर्ण झाला होता. खाली नाल्यात तर झाडंही नव्हती.

माझं काम आत्याने मला नीट समजावलं होतं. वाघाची पाठ चेनने बंद होते, पण जवळून चित्रीकरण असल्यामुळे चेनवर केसांची पट्टी डिंकाने चिकटवावी लागते. ती सोडवायची म्हणजे डिंक विरघळवणारं औषध लावून बराच वेळ थांबावं लागतं. आतल्या माणसाला बोलता येत नाही, कारण त्याच्या हनुवटीला वाघाचा जबडा जोडलेला असतो. ऐकू येतं, पण अंधुक. म्हणून खूण ठरवली. वाघाच्या पंजाला मनगटाशी एक फट होती. दर चित्रीकरणानंतर मी त्या फटीतून हात घालायचा, आतला हात धरायचा आणि विचारायचं. एकदा दाबलं तर ठीक. दोनदा दाबलं तर बाहेर काढा. शिवाय वाघाच्या तोंडातून छोटा पंखा धरायचा आणि नळीने पाणी द्यायचं. डोळे आत्याच्या हातात होते. ती दूर छत्रीखाली बसून रिमोटने पापण्या हलवायची.

सकाळी सगळं सुरळीत झालं. वाघ नाल्याच्या कडेने चालला, थांबला, मागे वळून बघितलं. दिग्दर्शक आनंदाने इकडून तिकडे फिरत होते. मी प्रत्येक वेळी हात घातला. हात घामाने निथळत होता, माझ्या बांगड्यांपर्यंत ओल यायची. विचारलं की तो एकदा दाबायचा. पाण्याची नळी मी दोनदा पुढे केली, दोन्ही वेळा आतून तोंड मिटलेलं राहिलं. मी आत्याला सांगितलं, पाणी घेत नाहीत. ती म्हणाली, लघवीला जाता येत नाही ना आई, म्हणून नट असं करतात. थोड्या वेळाने घेतील.

पट्टी सोडवायला वेळ लागतो म्हणून ते जेवणाच्या सुट्टीतही वाघातच राहिले. जेवणानंतर सगळ्यात अवघड भाग होता. वाघाने खडकावर चढायचं, वर दोन पायांवर उभं राहायचं आणि गावाकडे बघायचं. खडक इतका तापला होता की कॅमेऱ्याच्या पायांखाली ओलं गोणपाट टाकलं होतं. पहिल्यांदा वाघ चढला, पण ढग आला. दुसऱ्यांदा चढला, पण पंजा घसरला. प्रत्येक वेळी दिग्दर्शक हात जोडून म्हणत, एकच, आता शेवटचा.

दुसऱ्यांदा उतरल्यावर मी हात घातला आणि मला जरा बरं वाटलं, कारण हात कोरडा होता. घाम कमी झाला, म्हणजे त्यांना जरा गार वाटत असेल, असं क्षणभर वाटलं. मग तो हात किती गरम आहे ते माझ्या लक्षात आलं. तव्यावरून नुकती उतरवलेली भाकरी धरावी तसा. मी वर वाघाच्या चेहऱ्याकडे बघून विचारलं, "भाऊ, ठीक ना?" वाघाने शांतपणे डोळे मिटून उघडले. हात एकदा दाबला गेला.

मी निघालेही होते. दोन पावलांवर गेल्यावर माझ्या डोक्यात आलं की डोळे माझ्या मुलीने मिटले आहेत. मी विचारताना तिला दिसले असेन, म्हणून तिने सहज पापणी हलवली असेल. मी मघापासून तिच्याकडेच बघून धीर घेत होते.

परत गेले. हात घातला. म्हटलं, "भाऊ, पाणी देऊ?" एकदा दाबलं. "भाऊ, बाहेर काढू?" एकदा दाबलं. मग मी मुद्दाम म्हटलं, "माझं ऐकू येत असेल तर तीनदा दाबा." एकदा. तेवढंच, त्याच जोराने. मी आणखी काही विचारलं नाही. हात तसाच धरून ठेवला, तर न विचारताही तो एकदा दाबला गेला.

मी आत्याला हाक मारली. ती रिमोट घेऊनच आली. मी तिला सांगितलं की यांचा घाम थांबलाय. ते चांगलं लक्षण नाही, शरीराची गार होण्याची शक्ती संपली की असं होतं. ती म्हणाली, "पण खूण तर ठीकची येतेय ना?" मी म्हटलं, "मी काहीही विचारलं तरी तीच येतेय."

दिग्दर्शक जवळ आले. त्यांना प्रकाश जायची काळजी होती. त्यांनी वाघाच्या खांद्यावर हात ठेवून मोठ्याने विचारलं, करायचं ना एक शेवटचं? आणि वाघाने मान हलवली. खरंच हलवली, वर-खाली, आणि खडकाकडे एक पाऊल टाकलं. ते म्हणाले, बघा मॅडम, तो तयार आहे. आत्या उभीच राहिली. ती वाघाच्या पाठीकडे बघत होती, जिथे चेनवरची पट्टी चिकटवलेली होती. त्या पाठीवरचे केस तिने सगळा हिवाळा बसून रोवले होते. औषध लावून पट्टी सोडवायला वेळ लागणार होता. कापलं तर वाघ गेला, आणि पुढचं सगळं काम संगणकाचं. हे तिला, मला आणि दिग्दर्शकांनाही माहीत होतं.

ती मला म्हणाली, "आई, तुला खात्री आहे?"

मला खात्री नव्हती. मी डॉक्टर नाही. मी म्हटलं, "नाही. पण काप."

तिने रिमोट खाली टाकला, कमरेची मोठी कात्री काढली आणि वाघाच्या मानेत खुपसली. रबर कापताना करकर असा आवाज येतो. दिग्दर्शक "अहो, अहो" म्हणत राहिले. वाघ पुढे जायला बघत होता आणि मी पंजा धरून ओढत होते. मानेपासून कमरेपर्यंत पाठ उघडली तेव्हा भिजलेला कापूस बाहेर लोंबला. त्यातून वाफ आली, चुलीवरचं झाकण काढल्यासारखी. आत ते उभे होते, डोळे उघडे, पण आमच्याकडे बघत नव्हते. तोंडातून काहीतरी पुटपुटत होते, भाषा कोणतीच नव्हती. मग गुडघे वाकले.

पुढचं मला तुकड्यातुकड्यांनी आठवतं. कोल्ड्रिंकच्या पेटीतला बर्फ काखेत आणि मानेवर. माझी ओली साडी त्यांच्या अंगावर, आणि मी नेसलेली युनिटमधल्या कुणाची तरी लुंगी. जीपमध्ये त्यांचं डोकं आत्याच्या मांडीवर. धारणीचा रस्ता तुम्ही पाहिलेला नाही. खड्डा आला की ती दोन्ही हातांनी त्यांचं डोकं उचलून धरायची. मी त्यांचा हात धरला होता आणि आता तो काहीच दाबत नव्हता.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना सलाईन लावलं, ओल्या चादरीत गुंडाळलं आणि आम्हाला बाहेर बसवलं. आत्याने त्यांच्या बायकोला फोन केला. दिग्दर्शक म्हणत होते की आधी डॉक्टर काय सांगतात ते बघू, मग कळवू. ती म्हणाली, मीच घातलं त्यांना आत, मीच सांगते. पलीकडून बायको काय बोलली ते मला ऐकू आलं नाही. आत्या फक्त "हो" आणि "हो वहिनी" म्हणत होती, आणि मध्येच भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

संध्याकाळी डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले, धोका टळलाय, लघवी होते आहे, माणसं ओळखतात. आणखी थोडा वेळ गेला असता तर मी काही सांगू शकलो नसतो.

आम्ही आत गेलो तेव्हा ते उशीला टेकून बसले होते. चेहरा फिकट. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो असा, "शेर कोणी कापला?"

"मी," आत्या म्हणाली.

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. त्यांना राग आला होता. मला वाटलं होतं ते आभार मानतील, आणि तसं वाटल्याबद्दल माझी मलाच लाज वाटली. आत्याने विचारलं की तुम्ही दोनदा का दाबलं नाही, आपलं ठरलं होतं ना. ते म्हणाले, "ताई, शेर आंगावर असला का माणूस बोलत नाई. आमच्या घरात हे चालत नाई. पाणी नाई मागत, बसतो नाई म्हनत. शेराच्या कमरेले दोर असते. दोर धरणारा आमचा चाचा. चाचाले समजते कवा थांबवाचं. शेराचं काम फकत शेर व्हायचं."

मी म्हटलं, पण भाऊ, मी तर तुम्हाला दर वेळी विचारत होते.

ते माझ्याकडे वळले. "शेराले कोणी इचारते का, मावशी? माहा हात तुमच्या हातात होता. मले वाटलं, दोर तुमच्यापाशी हाये. मी बिनधास होतो."

म्हणजे दिवसभर मी त्यांच्या खुणेवर विसंबून होते आणि ते माझ्यावर. दोघांनी एकमेकांचा हात धरला होता आणि दोघांपैकी कोणीच पाहत नव्हतं. आत्या खाटेच्या कडेला बसली. तिने विचारलं, "दोर केवढा असतो? जाड की बारीक? कुठे बांधतात?" आणि ते सांगू लागले. आधी तुटक, मग हातवारे करून. सलाईनची नळी ताणली गेली तेव्हा नर्स येऊन ओरडली.

निर्मात्याने अपेक्षेप्रमाणे वाघ संगणकाकडे दिला. पण तिकडून जो वाघ करून आला, तो दिग्दर्शकांना आवडला नाही. चालताना तो जमिनीवर नसल्यासारखा दिसत होता. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला, की खडकावरचा तेवढा एक प्रसंग तुमच्या वाघाने करता येईल का, थंडी आहे, ऊन नाही. आत्या म्हणाली, माणूस आला तर. गादीवाल्यांची बायको नको म्हणत होती आणि तिचं बरोबर होतं. शेवटी ते स्वतःच शेडवर आले, गाद्या शिवायची मोठी वाकडी सुई घेऊन, आणि तीन दिवस बसून त्यांनी वाघाची पाठ टाचली. आत्याने या वेळी चेनवर डिंक लावला नाही. केसांची पट्टी तिने बटणांवर बसवली. कमरेजवळ एक भोक ठेवलं आणि त्यातून दोर बाहेर काढला. दोर कोणी धरायचा यावर मी चाचांचं नाव सुचवलं. कळलं की चाचांच्या गुडघ्यांनी जवाब दिलाय, ते आता फक्त मोहरमलाच घराबाहेर पडतात. गादीवाले म्हणाले, मावशी धरतील.

म्हणून डिसेंबरातल्या एका सकाळी मी नाल्यात, खडकाच्या मागे, कॅमेऱ्याला दिसणार नाही अशा जागी दोर धरून उभी होते. मला काय बघायचं ते चाचांनी फोनवर सांगितलं होतं. दोर सारखा ढिला-ताठ होत राहतो, ते चांगलं. तो एकसारखा ताठ राहिला की समजायचं, आता थांबवायचं. मला ते नीट समजलं की नाही, कोण जाणे. हवा गार होती. तरी माझ्या तळहाताला घाम येत होता.

वाघ चढला. दोर हातातून सरकत गेला. वर जाऊन तो थांबला, मग मागच्या पायांवर उभा राहू लागला. दिग्दर्शकांचा चेहरा मला दिसत होता, ते श्वास रोखून बघत होते. दोर ताठ झाला. मी वाट पाहिली. तो ताठच राहिला. कदाचित उभं राहिल्यामुळे. कदाचित नाही. मी दोन्ही हातांनी दोर ओढला आणि "थांबा" म्हणाले.

दिग्दर्शकांनी डोक्याला हात लावला. म्हणाले, मॅडम, हे होतं, हेच हवं होतं, अजून जरासं हवं होतं. आत्या माझ्याकडे न बघता खडकावर चढली, बटणं काढली, डोकं उतरवलं.

ते खाली आले आणि सावलीत वाघाच्या पायांसकट बसले. पाण्याची अख्खी बाटली प्यायले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "मावशी, उलीशीक लवकर ओढला."

"हो, थोडा लवकरच," मी म्हटलं.

"राहू द्या," ते म्हणाले, आणि त्यांनी दुसरी बाटली मागितली. त्यांना खरंच तेव्हा बाहेर यायची गरज होती का, हे मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. त्यानंतर त्या दिवशी तो प्रसंग आणखी दोनदा झाला. दोन्ही वेळा दोर माझ्याच हातात होता, आणि दोन्ही वेळा मी मला वाटलं तेव्हाच ओढला.